सगळ्या गावाचे वकीलपत्र

इंग्रजी अंमलात एका जिल्ह्याच्या गावी त्रिंबकराव नावाचे एक नामांकित वकील होते. नदीकाठच्या मळ्यातून जाणारी पायवाट बंद व्हावी, म्हणून त्या मळ्याचा मालक असलेल्या एका व्यापाऱ्याने दावा लावला. त्रिंबकरावांनी तो जिंकून दिला. तेव्हापासून रंगारी आळीतल्या बायका धुण्याच्या ओल्या गाठोड्यांसह अर्धा कोस वळसा घालू लागल्या.

पुढे म्युनिसिपालिटीची निवडणूक आली. त्या व्यापाऱ्याने त्यांच्यासाठी खटपट केली आणि त्रिंबकराव निवडून आले. पहिल्याच सभेत त्यांनी ठराव मांडला : मळ्यातली वाट योग्य मोबदला देऊन सार्वजनिक करावी.

त्यांच्या हाताखाली वकिली शिकणारा मोरेश्वर मागे बसला होता. तो चपापला. सभासद असलेला तो व्यापारी उठला आणि त्रिंबकरावांचेच कोर्टातले भाषण त्याने शब्दन् शब्द वाचून दाखवले. सभागृहात हशा पिकला. ठराव बारा विरुद्ध एक असा पडला.

घरी परतताना मोरेश्वराला राहवले नाही. "रावसाहेब, आपणच बंद केलेली वाट आपणच उघडायची? आज सारी सभा आपल्याला हसली."

त्रिंबकराव चालता चालता थांबले. "मी कोर्टात खोटे बोललो नव्हतो, मोरेश्वर. कागद शेठजींच्याच बाजूचा होता. पण तेव्हा माझ्याकडे एकट्या शेठजींचे वकीलपत्र होते. आता साऱ्या गावाचे आहे, आणि मी ज्यांना हरवले तीही माणसे गावातच राहतात. कालच्या शब्दाला चिकटून बसलो, तर माझी अब्रू राहील. त्या बायकांचा वळसा मात्र चुकणार नाही."

"पण ठराव तर पडला!"

"पडला. पुढच्या सभेत पुन्हा मांडू."

त्यांनी तो पुन्हा मांडला. व्यापाऱ्याने आपली सारी कामे काढून घेतली, ओळखीचे अशील तोंड चुकवू लागले. त्रिंबकराव प्रत्येक सभेला त्याच ठरावासाठी उभे राहत. ते एकेका सभासदाला रंगारी आळीपासून नदीपर्यंत पायी नेत, वाटेत एक शब्दही बोलत नसत. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस सात विरुद्ध सहा मतांनी ठराव मंजूर झाला.

वाट खुली झाली, त्या सकाळी मोरेश्वर मळ्याच्या फाटकाशी उभा होता. गाठोडे घेतलेली एक म्हातारी आत पाऊल टाकताना अडखळली. "जाऊ ना रे बाबा? कुणी हटकणार नाही ना?"

"जा आजी," मोरेश्वर म्हणाला. ती वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

आपल्याच विजयाची चूक दुरुस्त करायला निघतो, त्याच्या हाती लोकांनी निर्धास्तपणे सत्ता द्यावी.