दिवे लागल्यावर मागितलेलं विरजण

एकदा एक तरुण आई संध्याकाळी बरोबर पावणेसात वाजता आपल्या गुरूच्या अंगणात येऊन उभी राहिली. कडेवर तान्हं नव्हे पण लहानच मूल, पाठीला बोचकं आणि हातात माहेरहून आणलेल्या विरजणाचं गाडगं. गुरू म्हणजे गावातली एक जाणती आजी. लेकराबाळांची औषधं तिला अवगत होती आणि ती विद्या शिकायला ही शिष्या सहा महिन्यांपूर्वी परगावाहून येऊन राहिली होती.

"आजी, पहाटे निघते मी," ती म्हणाली. "इथं मला कुणी आपलं म्हणत नाही. घरोघर ताक देते, कुणाचं पोर आजारी पडलं की धावते. पण मी दिसले की बायका बोलायच्या थांबतात. माझं काय चुकतं तेच कळत नाही. उद्या ह्या लेकराला काही झालं, तर कुणाच्या दारात जाऊ?"

 आजीने तिच्या हातातलं गाडगं घेतलं आणि सगळं विरजण कढीपत्त्याच्या मुळाशी ओतून टाकलं.

"अहो आजी! हे काय केलंत?"

"बाळाला सकाळी दहीभात लागतो ना? जा, समोरच्या येसूकाकूकडून चमचाभर विरजण माग. मग खुशाल जा."

शिष्या पार गोंधळली. दिवे लागल्यावर घरातलं विरजण कुणी बाहेर देत नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक. मग गुरूला ठाऊक नसेल? की जाता जाता आपली शोभा करायची आहे? उगाचच बाळाचं कपाळ चाचपत ती काकूच्या दारी गेली आणि नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर थांबली.

"काकू, थोडं विरजण द्याल?"

"आत्ता? दिव्याच्या वेळेला? घराबाहेर नाही देत गं."

तिचं तोंड उतरलं. ती वळली, तशी काकू ओरडली, "अगं, चाललीस कुठं? बाहेर देत नाही म्हटलं. दूध इकडं आण नि आमच्या चुलीपाशीच विरजण लाव. पोराला ठेव इथंच. आज तरी आत ये बाई! सहा महिने दारातूनच ताक देऊन पळतेस. आम्हाला वाटलं, हिला आमच्या घरचं पाणी चालत नाही."

"मी तर तुम्ही दिसलात की पसारा झाकते," आतून सून म्हणाली. "म्हटलं, विद्या शिकणारी बाई, हसेल आपल्याला."

बऱ्याच वेळाने शिष्या परतली ती रिकाम्या हाताने.

"विरजण कुठं?"

"दूधच तिकडं ठेवून आले. बाळही काकूच्या मांडीवर झोपलंय. उठवू देईनात."

आजी हसली. "देणाऱ्याचं काम दारातून होतं, पोरी. मागणाऱ्याला आत जावं लागतं. तू देतच राहिलीस, कारण मागायची भीती. त्यांना वाटलं, हिला आपली गरजच नाही. तू त्यांना परकी आणि ते तुला परके. आता दही त्यांच्या चुलीपाशी, लेकरू त्यांच्या मांडीवर. पहाटे जाशील कशी?"

शिष्येला सगळं उमगलं असं नाही. पण तिने बोचक्याची गाठ सोडली आणि बाळाचं पांघरूण तेवढं घेऊन पुन्हा समोरच्या घरी गेली. ह्या वेळी उंबऱ्यापाशी थांबली नाही.

तुमच्या आळीत कुणी नवी बाई राहायला आली असेल, तर हे तिच्या कानावर घाला. आणि तिला सांगा, काहीतरी मागायला ये म्हणावं.