बिऱ्हाडकरूंची रांग

त्या किनाऱ्यावर घरे फार सुंदर झाली होती आणि कोणी चालत नसे.

तिथे बिऱ्हाडकरू राहत. हे खेकडेच, पण पुढून चिलखत आणि मागून लोण्यासारखे मऊ. म्हणून रिकामा शंख शोधायचा, त्यात मागचे अंग घालायचे आणि तो घेऊन हिंडायचे, अशी त्यांची रीत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाच्या पाठीवर बिऱ्हाड कोणी पाहिले आहे? खरोखरचे असायचे ते यांच्या पाठीवर.

अंग वाढते, शंख वाढत नाही. त्यावर पूर्वजांनी एक तोड काढली होती. लाटेबरोबर मोठा रिकामा शंख आला की त्याच्यापाशी रांग लावायची, मोठा पुढे, लहान मागे. पहिला नव्या शंखात शिरला की दुसऱ्याने पहिल्याच्या शंखात शिरायचे, तिसऱ्याने दुसऱ्याच्या, असे पार शेवटपर्यंत. एका शंखात साऱ्या किनाऱ्याची सोय होऊन जाई. फक्त कोणी अडून बसायचे नाही, कारण एक अडला की त्याच्या मागचे सगळे अडले.

मग कलाधर आला. तो पलीकडच्या खडकांतला, टणक पाठीचा खेकडा. त्याला स्वतःला शंख लागतच नव्हता, त्यामुळे इतरांच्या शंखांविषयी त्याची मते फार ठाम होती. तुम्ही भटक्यांचे वंशज, आणि घरे अशी बोडकी, असे त्याने सगळ्यांना सांगितले. भटकेपण घरात दिसले पाहिजे, म्हणाला. झाले, भटक्या थाटाची टूम निघाली. फाटक्या जाळ्यांचे गोंडे लोंबू लागले. निळ्या बाटल्यांचे तुकडे आले, बगळ्यांची पिसे आली, शिंपल्यांतली जिवंत कालवे शंखावर मुद्दाम वाकडी बसवली गेली. एका वस्तूचा दुसरीशी मेळ बसला तर ते घर गावंढळ ठरे. असे सहज विस्कटलेले दिसायला दिवसभर बसून मांडामांड करावी लागे. सर्वांत मान पाऊलनक्षीला होता. चालत्या खेकड्याच्या पावलांची बारीक ओळ शंखाभोवती कोरत न्यायची आणि जिथून निघाली तिथेच आणून मिळवायची.

ओझे वाढत गेले. आधी वाळूच्या टेकाडापलीकडे जाणे बंद झाले, मग शेजाऱ्याकडे जाणे. भरती तोंडाशी जे आणून टाकेल ते खायचे आणि बसल्या जागेवरून एकमेकांच्या घरांचे कौतुक करायचे, एवढेच उरले.

तांबडीचे घर सगळ्यांत देखणे होते. तीन मोसम खपून तिने ते सजवले होते. त्यातली प्रत्येक काच तिने उन्हात धरून पारखलेली होती. शेजारची मथुरा त्या घराची तोंडभर स्तुती करी आणि आतून जळे. पण गेल्या वेळी कात टाकल्यापासून तांबडीला घर आवळत होते. आतले शेवाळाचे अस्तर उरलीसुरली जागा खाई, आणि जरा हलले की कड टोचे. तिने कलाधराला तसे सांगितले.

"त्याला आवळणं म्हणत नाहीत, ताई," कलाधर म्हणाला. "त्याला ऊब म्हणतात."

तिने ते पटवून घ्यायचा प्रयत्न केला. पण पुढची कात इथे टाकता येणार नव्हती, आणि कात अडलेला खेकडा जगत नाही हे तिला कोणी सांगायला नको होते.

एका सकाळी ओहोटीनंतर काळ्या खडकाशी एक शंख राहिला. करडा, बोडका, तोंडाची कड शाबूत, तांबडीला पुरून उरेल एवढा. बातमी आणली ठेंगूने. ठेंगू वयाने मोठा होता, अंगाने नव्हता. पुढचे कोणी हलेना, म्हणून त्याच्या मापाचा शंख रिकामा होईना, आणि तो बाटलीच्या झाकणात दिवस काढत होता. झाकणाला गोंडे लावायला जागा नव्हती, त्यामुळे साऱ्या बिऱ्हाडकरूंत चालणारा तो एकटाच उरला होता. पाठ मात्र अर्धी उघडी, आणि घारीला ती रोज दिसे.

दुपारी पाणी खडकापर्यंत चढेल आणि शंख घेऊन जाईल, असे त्याने सांगितले. कलाधराने तो शंख धुडकावूनच लावला. बोडक्या घरात कोणी राहायला जाते का? आधी त्या शंखाला गोंडे लावू, नक्षी काढू, दोन भरत्या गेल्या की सावकाश बघू.

ठेंगू तांबडीजवळ आला. "ताई, मी घर मागायला आलेलो नाही," तो म्हणाला. "तुम्ही उठलात तर रांग लागेल, एवढंच सांगायला आलो."

ती उठायला गेली. घर तसूभरही हलले नाही. कालवे खालच्या दगडाला धरून वाढली होती आणि गोंड्यांत वाळू बसून दगड झाला होता. घरासकट जाणे होणार नव्हते. जायचे तर मऊ पाठ उघडी टाकून, पंचवीस पावले, उन्हात. तिला भीती वाटली, आणि निळ्या काचेकडे पाहून तिचा जीव तुटला. मथुरा म्हणाली, असे सोन्यासारखे घर टाकून कोणी जाते का?

"मीच सजवलंय," तांबडी म्हणाली. "सोडायचं तर मीच सोडीन."

तिने अंग ओढले. अस्तराने धरून ठेवले. पुन्हा ओढले, कड पाठीत रुतली, सोलली. तिसऱ्या हिसक्याला ती बाहेर आली, आणि तीन मोसमांनी तिच्या पाठीला वारा लागला. पाय चालणे विसरले होते. ती पडली, उठली, पुन्हा पडली. मागे कलाधर एक पीस मोडल्याबद्दल हळहळत होता. ठेंगू झाकण सावरत तिच्या बाजूने चालू लागला. दोन मऊ पाठी दिसल्या की घारीचा गोंधळ होतो, असे त्याचे म्हणणे. ते खरे नसावे. वाळूवरून एकदा सावली फिरून गेली, तेव्हा तांबडी थांबली नाही. थांबली असती तर तिथेच राहिली असती.

खडकाशी पोचून तिने शंखातली वाळू काढली आणि पाठमोरी आत शिरली. आत जागा होती. जागा असणे कसे लागते हेच ती विसरली होती.

तिकडे मथुरेला दम कुठला! तांबडीचे घर रिकामे दिसताच ती स्वतःच्या शंखातून निघून त्यात घुसली. मथुरेचे घर तिसऱ्याने धरले, तिसऱ्याचे चौथीने. घरे एकमेकांना खेटूनच होती, चालावे लागले नाही. कोणी हावेने हलले, कोणी हेव्याने, पण हलले. शेवटी एक टोकदार छोटा शंख रिकामा पडला, त्याच्या मालकाला जेमतेम एकच गोंडा जमला होता. ठेंगू खडकाकडून झाकण सावरत परत आला, त्याने तो गोंडा तोडला आणि आत शिरला.

"झाकली गेली," तो म्हणाला. "पाठ झाकली गेली."

पाणी चढू लागले तसे तांबडी आणि तो टेकाडाकडे निघाले. नवा शंख हलका होता. माथ्यावर तांबडीने एकदाच वळून पाहिले. कलाधर ओल्या वाळूवर वाकून तिची पावले निरखत होता. नांगीने अंतर मोजायचे, धावत मथुरेकडे जायचे, शंखावर कोरायचे, परत यायचे. इतकी जिवंत नक्षी त्याने आजवर पाहिली नव्हती. मथुरा त्याला घाई करत होती.

भरती भरली तेव्हा ओल्या वाळूवरची पावले पुसली गेली होती, आणि शंखावरची ओळ फिरून जिथून निघाली तिथे येऊन मिळाली होती. टेकाडाच्या कोरड्या वाळूवर दोन ओळी होत्या, एक रुंद, एक बारीक, आणि त्या पलीकडे उतरत होत्या.