ओंजळभर कोळसा

करवंदीच्या जाळ्यांपलीकडे, डोंगराच्या उतारावर, एका चिमुकल्या झोपडीत रुंजी आणि तिची आई राहायच्या. घरात अठराविश्वे दारिद्र्य, पण पोर मोठी हसरी! त्या हिवाळ्यात मात्र तिचं हसू मावळलं. आई तापानं फणफणली होती, हुडहुडीनं थरथरत होती आणि घरात जाळायला काटकीसुद्धा नव्हती.

रुंजी रानात गेली. लाकूडफाटा सगळा दवानं भिजलेला. एक कंद तेवढा सापडला. तो खणून तिनं त्याचा वेलीकडचा तुकडा पुन्हा मातीत पुरला. "पुढच्या साली ये हां," त्याला म्हणाली.

तोच झिलमिल झिलमिल करत, पोपटी पंखांची इवलीशी परी पानांतून खाली उतरली.

"पोटात कावळे ओरडताहेत, तरी मातीची आठवण ठेवलीस! माग बाळ, काय हवं ते. पण नियम ऐक. जे पुन्हा उगवतं ते कितीदाही माग. जे उगवत नाही, ते संपलं की मलाही परत आणता येत नाही."

"माझ्या आयेला ऊब दे."

परीनं एक पेटी उघडली. आत काळेभोर, चमचमते खडे!

"हा दगडी कोळसा. फार फार जुनी रानं मातीखाली गाडली गेली, युगानुयुगं दबली, तेव्हा कुठं हा झाला. घे, सगळी पेटी तुझी."

रुंजीनं ओंजळभर घेतला आणि झाकण लावलं.

"एवढाच?" परी चकित झाली. "आणि उद्या?"

रुंजीचे डोळे भरून आले. आईचा ताप उद्या उतरेलच असं थोडंच होतं? तरी ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाची आय कुडकुडत आसंल, तर तिला काय देशील?"

शाब्बास गं पोरी! भल्याभल्यांचा हात अशा पेटीत कोपरापर्यंत गेला असता.

घरी येऊन तिनं धूर कोंडू नये म्हणून दार उघडं ठेवून शेगडी पेटवली. रात्रभर आई शांत झोपली. पहाटे मात्र शेगडीत नुसती राख उरली आणि आई पुन्हा कापू लागली. रुंजीनं तिला घट्ट मिठी मारली. दुसरं होतं काय तिच्याजवळ?

इतक्यात सूर्य उगवला आणि उघड्या दारातून परी आत आली. तिच्या हातात सोनेरी किरणांची मऊमऊ गोधडी होती!

"दिवसा उन्हात टाक, रात्री पांघर. सूर्य रोज उगवतो, म्हणून हिची ऊब कधी आटायची नाही."

परीनं गोधडी आईवर पसरली आणि लखलखत त्या कोवळ्या उन्हातच विरून गेली.

आईची हुडहुडी थांबली. गालांवर लाली आली. तिनं गोधडीची कड उचलली.

"रुंजे, बाहेर काय बसलीस? ये की आत. लई मोठी हाय ही!"