दर्भाची चटई

“नक्की कुठे हललं म्हणतोस?” रेवणबाबांनी विचारलं.

“मूलाधारापाशी, बाबा.” विश्वंभराचा आवाज आनंदाने कापत होता. “अगदी मणक्याच्या तळाशी. आधी नुसतं गार लागलं, मग टोचल्यासारखं झालं... आणि आज पहाटे तर खालून कोणीतरी वर ढकलतंय असं वाटलं!”

“खालून?”

“खालून.”

“अरे वा!” बाबा म्हणाले, आणि त्यांनी चुलीवरच्या चहात गुळाचा खडा टाकला.

हा थंडपणा विश्वंभराला जरा लागलाच. डोंगरावरच्या त्या रानात, ऐनाच्या झाडाखाली, सबंध हिवाळा तो एकाच जागी बसला होता. मुंग्यांनी पिंढऱ्या फोडून काढल्या, वानरांनी डोक्यावर काटक्या टाकल्या, पण पठ्ठ्याने जागा सोडली नाही.

कारण कार्तिकात बाबांनी शब्द दिला होता. आत काही जागं झालं की मला सांग, त्या दिवसापासून तू लोकांना उपदेश करायला मोकळा.

खाली गावात लोकांनी त्याच्यासाठी मठी बांधून ठेवली होती. दारावरच्या पाटीवर नावही रंगवून झालं होतं, तेही ‘योगिराज’ लावून. पाडव्याला प्रवेश करायचा होता आणि पाडवा तर तोंडावर आला होता. आज बाबांनी हो म्हटलं नाही, तर गावात कोणत्या तोंडाने जायचं? विश्वंभराच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती.

“बाबा, मग... जागी झालीच ना कुंडलिनी?”

“चल, बघू या.”

“बघू या? ती दिसते कशी, बाबा?”

“तू बसतोस ती जागा तर दिसेल.”

दोघं निघाले. रानाची पानगळ होऊन गेली होती, पायाखाली पाचोळा चुरचुरत होता आणि उतारावर पळस फुलून लालभडक झाला होता. विश्वंभराने मात्र यातलं काही पाहिलं नाही. त्याचं लक्ष बाबांच्या तोंडाकडे होतं.

ऐनाखाली दर्भाची चटई पसरलेली होती, मधोमध चांगली दबलेली. बाबा उकिडवे बसले. त्यांनी दोन बोटांनी चटईची कड धरली आणि हलकेच वर उचलली.

खाली भुईला बारीक तडा गेला होता. तड्यातून एक जांभळट कळी वर आली होती. तिला देठ नव्हता, पान नव्हतं. शेंडा तेवढा ओझ्याने थोडा वाकला होता.

“भुईचाफा,” बाबा म्हणाले.

विश्वंभराचे कान तापले. मठी, पाटी, हार, सगळं डोळ्यांसमोर गरगरलं. आता रडू कोसळणार असं त्याला वाटलं. तेवढ्यात मघाचे आपलेच शब्द त्याला आठवले. मूलाधारापाशी, बाबा...

आणि रडू यायच्या जागी हसूच फुटलं. तो असा काही खदखदून हसला, की वरची वानरं फांद्या सोडून पळाली. बाबाही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

हसून हसून थकल्यावर विश्वंभर त्या कळीशेजारीच मांडी घालून बसला. वाकल्या शेंड्यापाशी त्याने बोट नेलं, पण लावलं नाही.

“एवढं माझं धूड वर... आणि तरी हा आला,” तो पुटपुटला.

बाबांनी कळीभोवतीचा पाचोळा हाताने बाजूला सारला.

“बाबा, मठीचं आता काय करू? लोक वाट बघतायत. त्यांना सांगू तरी काय?”

“लोकांचं मग बघू,” बाबा म्हणाले. “आधी तो गुडघा उचल... तिथेही एक आहे.”