कोऱ्या कागदावरची तगर

लाकडी ठसे कोरण्यात ज्यांची साठ वर्षे गेली, असे एक वृद्ध कारागीर एका गावात राहत असत. त्यांचे नाव त्र्यंबकराव. उतारवयात ते शुभेच्छापत्रे करू लागले. ठशाने पाने उमटवायची, पोलादी धारेच्या साच्याने कागदाच्या पाकळ्या कापायच्या आणि त्या एकेक करून चिकटवायच्या, अशी त्यांची पद्धत होती. त्यांच्याजवळ शलाका नावाची एक तरुणी ही कला शिकत होती. तिचा हात विलक्षण चपळ होता, आणि रंगांची जाण तर गुरूंनाही चकित करणारी होती.

एके दिवशी एक प्रौढ बाई त्यांच्याकडे आल्या. गावातल्या मुलींच्या शाळेच्या त्या माजी विद्यार्थिनी. शाळेला पन्नास वर्षे होत होती आणि त्यांच्या खासनीस बाईंचा सत्कार व्हावा, अशी सगळ्यांची इच्छा होती. खासनीस बाईंनी त्या शाळेत तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले होते.

"पण बाई यायला तयार नाहीत," त्या म्हणाल्या. "तीनदा जाऊन आलो. गेली चार वर्षे त्या घराबाहेरच पडलेल्या नाहीत. आता तुमच्या हातचं शुभेच्छापत्र पाठवून हे शेवटचं बोलावणं. नाहीच आल्या, तर सत्कार रद्द करायचं ठरलंय."

मग त्या त्र्यंबकरावांशी बाजूला जाऊन थोडा वेळ काही बोलल्या आणि गेल्या.

शलाकाने दोन दिवस खपून शुभेच्छापत्र केले. लाल, केशरी, जांभळी, पिवळी फुले. वर सोनेरी कड आणि मधोमध सुबक अक्षरांत आमंत्रण. पाहणाऱ्याची नजर खिळून राहावी, असे ते झाले होते. तिने ते गुरूंच्या हाती दिले.

त्र्यंबकरावांनी ते बराच वेळ न्याहाळले. "सुंदर आहे," म्हणाले. मग उठले, शाईच्या सगळ्या गाद्या आणि रंगांच्या बाटल्या उचलून कपाटात ठेवल्या आणि कपाटाला कुलूप लावले.

"काका, हे काय?"

"नवं कर. पांढराच कागद घे. एक तगर, एक जास्वंद, एक गोकर्ण. आणि अक्षर एकही नको. निरोप तू स्वतः जाऊन तोंडी सांग."

"सत्काराचं आमंत्रण आणि पांढरंफटक? गोकर्ण निळीच नसेल तर ती ओळखायची कशावरून?"

"ते तू बघ," एवढेच ते म्हणाले.

शलाकाला राग आला. आपले काम त्यांना आवडले नाही आणि तसे सांगायचा त्यांना संकोच वाटतो, असे तिला वाटले. तरी तिने कागद घेतला. आधीच्या पत्रावर तिने सगळी फुले पाच पाकळ्यांच्या एकाच साच्याने कापली होती. वेगळेपण आणले होते ते रंगांनी. आता तोच साचा वापरून पाहिला, तर तिन्ही फुले तिळ्या बहिणींसारखी दिसू लागली. तेव्हा तिच्या लक्षात आले की, तगर नेमकी कशी असते हे आपल्याला माहीतच नाही.

ती उठून बाहेर गेली. देवळामागे तगरीचे झाड होते. जन्मभर त्या फुलांचे हार पाहिलेल्या शलाकाने पहिल्यांदाच एक फूल तळहातावर घेऊन नीट पाहिले. पाचही पाकळ्या भिंगरीच्या पात्यांसारख्या एकाच दिशेला वळलेल्या होत्या. तिने पाच पाकळ्या सुट्या कापल्या, प्रत्येकीला बोटाने बाक दिला आणि तशाच वळणाने लावल्या. जास्वंदीच्या मधल्या दांड्यासाठी कागदाची बारीक सुरळी केली, तिला गोंद लावून परागांसाठी रवा चिकटवला आणि टोकाला मोहरीचे पाच दाणे बसवले, कारण खऱ्या फुलात तिने पाचच मोजले होते. गोकर्णीची एकच मोठी पाकळी कापून आत घडी घातली. पानांसाठी कागद किंचित ओला करून कोरड्या ठशावर दाबला. शिरान् शिर उठून आली. चार दिवस लागले. रागाचे काय झाले, हे तिला कळलेही नाही.

पत्र घेऊन ती खासनीस बाईंच्या घरी गेली. दार उघडायला वेळ लागला. भिंतीवर हात ठेवत, पावले मोजत एक ताठ कण्याची वृद्धा दाराशी आली आणि शलाकाच्या चेहऱ्याच्या थोडे बाजूला पाहत म्हणाली, "कोण आहे?"

बाईंना दिसत नाही, हे शलाकाच्या ध्यानात आले. मग तिने नाव सांगितले, निरोप सांगितला.

"त्यांना म्हणावं, मी येऊन काय करू? शाल पांघरायला बसू? ज्या बाईला पान दिसत नाही, तिने वनस्पतिशास्त्राच्या नावाने टाळ्या घेऊ नयेत."

"बाई, मी एक शुभेच्छापत्र आणलंय. घ्याल का?"

बाईंनी हात पुढे केला तो केवळ सौजन्य म्हणून. पण बोट पहिल्या फुलावर पडले आणि तिथेच थांबले.

"तगर," त्या म्हणाल्या. "वळणसुद्धा आहे पाकळ्यांना." बोटे पुढे सरकली. "ही जास्वंद. हे पराग कशाचे, रव्याचे? आणि टोकाला..." त्यांनी हलकेच मोजले. "पाच. बरोबर." मग गोकर्ण आली. बोटे पाकळीवरून देठावर, देठावरून पानांवर गेली, आणि कपाळाला आठी पडली.

"हे चुकलं."

"काय चुकलं, बाई?"

"गोकर्णीची पानं जोडीजोडीने येतात, पण टोकाला एक एकटं असतं. तू नुसत्या जोड्या लावल्यास. तुम्हां मुलींचं निरीक्षण नेहमी शेवटाला ढिलं पडतं."

त्यांचा आवाज बदलला होता. तो आता दाराशी आलेल्या वृद्धेचा नव्हता. पन्नास मुलींच्या वर्गाला गप्प करणारा तो आवाज होता. "येते म्हणून सांग त्यांना. आणि हे मी घेऊन येणार आहे. ही चूक सगळ्यांना दाखवायला हवी."

समारंभात बाईंनी शाल घेतली, बाजूला ठेवली आणि सरळ उभ्या राहिल्या. "डोळे मिटा सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. साठीला पोचलेल्या बायकांनीही निमूट डोळे मिटले. पत्र हातोहात फिरले. बाई प्रश्न विचारत होत्या, बोटांनी उत्तरे सापडत होती. चुकीचे उत्तर आले की बाई ओरडत आणि सभागृह हसे. पाऊण तास हा वर्ग चालला. शेवटी टाळ्या वाजल्या त्या थांबेनात. दुसऱ्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा शाळेत येण्याचे बाईंनी व्यासपीठावरूनच जाहीर केले. कुणी विचारण्याचीही वाट पाहिली नाही.

समारंभाहून दोघे परतताना शलाकाने गुरूंना विचारले, "काका, बाईंना दिसत नाही हे तुम्हांला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला का नाही सांगितलंत?"

त्र्यंबकराव म्हणाले, "सांगितलं असतं, तर तू दयेने काम केलं असतंस. दया मनाला मोठी वाटते, पण हाताला सैल करते. 'बिचाऱ्यांना दिसत नाही, चार उंचवटे लागले तरी पुरे,' असं तुझ्या हाताने ठरवलं असतं. आणि ते बाईंच्या बोटांनी तत्क्षणी ओळखलं असतं. दया त्यांना चार वर्षे सगळेच देत होते. अस्सल तगर कुणी दिली नव्हती."

थोडे चालल्यावर शलाकाने विचारले, "पण ती पानांची चूक? ती तुम्हांला दिसली होती का?"

"नाही गं," वृद्ध कारागीर हसून म्हणाले. "ते मलाही आजच कळलं."

ज्याला काही द्यायचे, त्याची योग्यता आपल्याहून मोठी धरावी, म्हणजे हात आपोआप नेटका चालतो, हे शलाकाला उमगले होते.