फोटोत नसलेला मामा

खाडीकाठच्या एका गावात गुणाजी नावाचा एक फोटोवाला राहत होता. मिसरूड फुटायच्या आधीच त्याने कॅमेरा हातात घेतला, तो काही खाली ठेवला नाही. लग्न करायचंही त्या नादात राहून गेलं. पण हात मोठा गुणी. मांडवात नवरी रुसलेली असली तरी याच्या फोटोत ती हसूनच उतरायची. गुणाजी "हलू नका" म्हणाला की वरातीतली घोडीसुद्धा हलत नाही, असं लोक गमतीने म्हणत.

त्याची एकुलती बहीण संजीवनी सोलापूरला दिली होती. बऱ्याच वर्षांनी ती दिवाळीला माहेरी आली. सोबत पाच वर्षांची लेक, कस्तुरी. गुणाजीने भाचीला उचलायला हात पुढे केले, तर ती आईच्या पाठीमागे लपली. घरात शिरल्यावर तिने भिंतीवरचे फोटो एकेक करून पाहिले. आजी सापडली, आई सापडली, आईच्या लग्नातला बँडवालाही सापडला.

"यात मामा कुठे आहे?" तिने विचारलं.

"मामा फोटो काढतो ना, मग तो कसा दिसेल?" गुणाजी म्हणाला. संजीवनी हसली, पण पोरीने काही ओळख दिली नाही. गुणाजीच्या मनाला ते लागलं. भाऊबीज झाली की ती परत जाणार होती. त्याआधी तिचा मामा व्हायचंच, असा त्याने पण केला. आणि फोटोवाल्याला उपाय सुचला तोही फोटोवाल्यासारखाच. तिचे असे झकास फोटो काढायचे, की सोलापुरात ते बघताना तिला मामाच आठवला पाहिजे.

नरकचतुर्दशी उजाडली. कोकणात त्या दिवशी अंघोळ झाली की तुळशीपुढे कारीट फोडतात. कारीट म्हणजे रानवेलीवरचं लिंबाएवढं कडूजहर फळ. ते पायाच्या अंगठ्याखाली चिरडायचं, मोठ्याने "गोविंदा" म्हणायचं आणि त्याचा रस जिभेला लावायचा. म्हणजे नरकासुर मेला. कस्तुरीला पाय घसरेल अशी भीती वाटत होती. बराच वेळ ती तयार होईना. शेवटी ओठ आवळून पुढे आली, कारिटावर पाय ठेवला आणि आल्यापासून पहिल्यांदाच मामाकडे वळली.

"मामा, हात धर."

गुणाजीचे दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंतलेले. "धरतो हं. आधी एक फोटो. पाय असाच ठेव." त्याने पणती जरा सरकवली, जागा बदलली, खाली वाकला. पोर एका पायावर डुगडुगत उभी होती. फोटो निघाला आणि तिचा तोल गेला. कारीट फुटलं, पोर शेणाच्या सारवणावर आपटली, आणि "गोविंदा" म्हणायचं राहूनच गेलं.

"काही लागलं नाही," गुणाजी म्हणाला. "दुसरं कारीट घेऊ. पुन्हा फोड बघू."

पोर उठली आणि घरात गेली.

"कारीट दुसरा मिळतला रे दादा," संजीवनी लेकीच्या पाठीकडे बघत म्हणाली. "चेडवान हात मागल्यान, तो परत मागतला काय?"

पोहे खाता खाता गुणाजीने तो फोटो पाहिला. उजेड नेमका, चेहरा सुरेख, खोड काढायला जागा नव्हती. फक्त पोरीने बाजूला लांब केलेला हात होता, आणि तो धरायला तिथे कुणी नव्हतं. त्याने पोह्यांची बशी बाजूला सारली. तो उठला, कॅमेरा तांदळाच्या पिंपात ठेवला आणि वर झाकण लावलं.

लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला. हात शिवशिवायचे, पण गुणाजी पिंपाकडे फिरकला नाही. त्याने पोरीला खाडीवर चिखलातून तिरप्या पळणाऱ्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, दाखवल्या, कंदिलाला शेपट्या चिकटवायला बसवलं. ती चार पावलं लांबूनच चालायची. गुणाजीने तिच्यामागे लकडा लावला नाही, पण चिकाटीही सोडली नाही.

भाऊबीजेच्या सकाळी कस्तुरी कुंपणाकडून धावत आली. मुठीत एक कारीट होतं. तिने ते तुळशीपुढे ठेवलं आणि मामाकडे हात लांब केला.

शेजारच्या भागीरथीकाकी कुंपणाशी उभ्या होत्या. "चतुर्दशी होऊन गेली गो बाय," त्या म्हणाल्या.

"आमचो नरकासुर उशिरान मरता," गुणाजी म्हणाला, आणि त्याने भाचीचा हात घट्ट धरला. मग तसाच मान वळवून बहिणीला म्हणाला, "पिंपातलो कॅमेरा काकीक दी. एकदाच बटान दाबूक सांग. आणि तू हय ये."

कारीट फुटलं. तिघांच्या "गोविंदा"ने माडावरचे कावळे उडाले. तिघांनी रस जिभेला लावला, आणि काकींनी बटण दाबलं ते नेमकं त्याच क्षणी. फोटो तिरका आला. संजीवनीचं अर्धं कपाळ गेलं, तुळस कापली गेली, आणि तिघांचीही तोंडं कडूने वेडीवाकडी झालेली. गुणाजीने तोच फोटो मोठा करून आपल्या फोटोच्या दुकानाच्या दर्शनी भागात लावला. एक प्रत सोलापूरला धाडली.

"फोटोवाल्याच्या दारात असलो फोटो?" गिऱ्हाइकं विचारत.

"मी असलेलो ह्यो एकच आसा," गुणाजी सांगे.

पुढच्या दिवाळीला एसटी गावात शिरली तेव्हा खिडकीतून कस्तुरीने आधी स्टँडभर नजर फिरवली. मग तिने कारीट चाखल्यासारखं तोंड वाकडं केलं. गर्दीत एका माणसाने तस्संच तोंड वाकडं करून दाखवलं. मामा कोणता, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

तात्पर्य: सणाची आठवण म्हणून फोटो जरूर काढावा, पण आपल्या माणसाने हात मागितला तर तो रिकामा असावा.