माळणीच्या लेकाचे डोळे

पूर्वी कुंदनगरीवर अरिंदम राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्व नेत्रवैद्याच्या कुळात जन्माला आले होते. नाव भद्रक. बोलणे मोजके, हात हलका, आणि खोटे बोलायला जीभ म्हणून वळायची नाही. वैद्याला ही खोड किती महागात पडते, ते काय सांगावे!

एका वर्षी नगरीत देवी आल्या. अंगावरचे फोड गेले, व्रण राहिले, आणि कितीतरी जणांच्या डोळ्यांत फूल पडले. फूल म्हणजे काय, तर बुबुळावर धरलेला पांढरा डाग. पण लोक शब्दाला भुलतात. देवी आल्या आणि जाताना फूल वाहून गेल्या, तेव्हा त्या फुलाला हात लावणे पाप, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. तरणीताठी माणसे भिंती चाचपत फिरू लागली, आणि घरचे त्यांच्या पापण्यांना कुंकू लावू लागले. धन्य ते शहाणपण!

भद्रकांना एक विद्या अवगत होती. बुबुळावर काचेसारखा स्वच्छ पापुद्रा असतो. उजेड त्यातूनच आत शिरतो. तो पांढरा पडला की आतला डोळा धडधाकट असूनही माणूस आंधळा होतो. नुकत्याच मेलेल्या माणसाचा पापुद्रा काढून तिथे शिवला, तर पुन्हा दिसू शकते. मात्र मेलेल्याच्या डोळ्यावरही लवकरच धुरकट साय धरते, म्हणून तो त्याआधी काढावा लागतो.

हे ऐकून लोकांनी त्यांना दारातून हाकलले. बाजू घेतली ती एकट्या सुमना माळणीने. ती देवळात हार पुरवीत असे. भर चौकात कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "अगं बायांनो, वाहिलेलं फूल सकाळी निर्माल्य होतं. मी रोज उतरवते. देवी कधी कोपली का माझ्यावर? उतरवू द्या की वैद्यांना!"

लोक हसले. बऱ्याच जणांना ते पटलेही. पण पापुद्रा द्यायचा कोणी, असे विचारताच जो तो आपापल्या घरी गेला.

त्या नगरीत सोणक नावाचा विणकर राहत होता. त्याच्या लेकीच्या, वासुलाच्या, दोन्ही डोळ्यांत फूल पडले होते. सासरच्यांनी तिला माहेरी आणून टाकले आणि तान्हे मूल ठेवून घेतले. म्हणाले, "आंधळीच्या हाती पोर कसं द्यायचं? दिसायला लागलं की ये आणि घेऊन जा." पान्हा फुटला की वासुला भिंतीकडे तोंड करून रडे.

अशात एके सकाळी सुमनेचा एकुलता एक मुलगा नंदक फुले काढायला चाफ्यावर चढला. चाफ्याची फांदी ठिसूळ. ती मोडली, आणि पोर जागीच गेले.

सोणक धावत भद्रकांकडे गेला आणि त्यांना घेऊन आला. लेकाचे डोके मांडीवर घेऊन सुमना अंगणात बसली होती. वैद्यांना पाहताच ती काय ते उमजली.

"आलात? अहो, गिधाडसुद्धा इतक्या लवकर येत नाही!"

"वेळ थोडा असतो बाई, म्हणून आलो," भद्रक म्हणाले. "द्यायचं नसलं तर नका देऊ. पण त्याच्या पापण्या मिटून वर ओलं फडकं ठेवा."

तिने तेवढे केले. मग तिने विचारले, "एवढं सांगा. माझा नंदक तिच्या डोळ्यांतून बघत राहील ना? मला ओळखेल ना तो?"

सोणकाने वैद्यांचे पाय धरले. दबक्या आवाजात तो म्हणाला, "हो म्हणा, वैद्यराज! एका शब्दानं तुमचं काय जातंय? माझ्या लेकीचं पोर तिकडे आईवाचून वाळतंय."

हो म्हणणे किती सोपे होते! वासुलाला डोळे मिळाले असते, आणि या आईलाही घटकाभर आधार झाला असता. तरीही बोधिसत्त्व म्हणाले, "नाही, बाई. तो पापुद्रा म्हणजे नुसती खिडकी. खिडकी राहील, बघणारा गेला. वासुलाच्या डोळ्यांचा रंगसुद्धा तिचाच राहील. नंदक तुम्हाला तिथे सापडणार नाही."

सोणकाने कपाळ बडवून घेतले. सुमनेने हाताला लागलेली फुलांची परडी वैद्यांच्या अंगावर भिरकावली. "चालते व्हा! मेल्यांनो, माझ्या दारात उभे राहू नका!"

भद्रक आणि सोणक दारापलीकडे जाऊन उभे राहिले. ऊन चढत गेले. तिरडीचे बांबू आले, शेजारणी रडू लागल्या.

मग सुमनेने मान वर केली. "चौकात मी मोठ्या तोंडानं बोलले. पण ते दुसऱ्यांच्या मेलेल्यांविषयी होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं." ती सोणकाकडे वळली. "तुझ्या लेकीचं मूल जितं आहे ना रे?"

"आहे, बाई."

"मग घ्या. माझं तर काही परत येत नाही."

सोणकाने रेशमाचा सर्वांत बारीक तंतू उकलून दिला. भद्रकांनी त्या तंतूने वासुलाच्या डोळ्यांवर टाके घातले. उजव्या डोळ्याने नवा पापुद्रा धरला. डाव्यात पू झाला आणि तो कायमचा गेला. एका डोळ्याने रस्ता पाहत वासुला सासरी गेली आणि मूल घेऊन आली.

मुलाला कडेवर घेऊन, भद्रकांना सोबत घेऊन, ती सुमनेच्या पाया पडायला गेली. सुमनेने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले आणि त्या डोळ्यात कितीतरी वेळ पाहिले. नंदकाचे डोळे घारे होते. हा डोळा काळाभोर होता.

"काय बघता, मावशी?" वासुलाने विचारले.

"काही नाही गं. मला सांगितलं होतं यांनी." तिने पदराने डोळे पुसले आणि ती भद्रकांना म्हणाली, "वैद्यराज, त्या दिवशी तुम्ही हो म्हणाला असतात, तर माझा लेक आज दुसऱ्यांदा मेला असता."

ही पूर्वजन्मीची कथा सांगून तथागत बुद्ध भिक्षुसंघाला म्हणाले, "त्या वेळचा सोणक विणकर म्हणजे हा समोर बसलेला भिक्षू तिस्सक. वासुला म्हणजे भिक्षुणी सेला. लेकाचे डोळे देणारी माळीण म्हणजे वृद्ध भिक्षुणी, थेरी धीरा. भद्रक वैद्य मी होतो. दान तिचे होते, भिक्षूंनो. माझ्या हाती सत्याखेरीज काही नव्हते, आणि तेही मी तिला फार जड हाताने दिले. त्या जन्मी मी सत्यपारमिता, म्हणजे सत्याचे परिपूर्ण व्रत, पाळली."